निळ्या पक्ष्याच्या नोंदी

बेडोकच्या ज्या फ्लॅटमध्ये मी साडेतीन वर्षं एका खोलीत भाड्याने राहिले, तिथे ‘सुंदर’ म्हणायला बंदी होती. पहिल्याच आठवड्यात मी बाल्कनीतून समोरच्या झाडावर बसलेला खंड्या पाहिला आणि म्हणाले, “किती सुंदर आहे.” मालकीणबाई आत भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“काय करतोय तो?”

“बसलाय.”

“कसा बसलाय? तोंड कुठे आहे? शेपटी हलतेय का?”

मला सांगता येईना. “मग तू काही पाहिलंच नाहीस,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजी चिरू लागल्या.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाईच म्हणायचे. काकू म्हणून पाहिलं होतं, पण ते त्यांना चिकटेना. लग्नाआधी त्या कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पुढे नवऱ्याबरोबर इथे आल्या. ते जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर होते. मी राहायला गेले तेव्हा ते जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मुलगा मेलबर्नला. तो रविवारी सकाळी फोन करायचा आणि बाई रविवारी सकाळी कधीच घरी नसायच्या. फोन मी घ्यायचे. “जंगलात गेल्यात,” मी सांगायचे. “ठीक आहे,” तो म्हणायचा. या दोन वाक्यांवर आमची चांगली ओळख झाली होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, चिंचवडहून परदेशी आलेली, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेडोकला परत यायचं. घरी आल्यावर माझ्या चुका शोधायला बाई असत. फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक कागद लावलेला असे. त्यावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात नोंदी. ‘सकाळी ७.१०. भाडेकरूने दूध संपवले. रिकामा डबा परत फ्रिजमध्ये ठेवला. कारण समजले नाही.’ किंवा ‘भाडेकरू गजर वाजल्यावर तीनदा कूस बदलते. चौथ्यांदा उठते. गजर अर्धा तास उशिरा लावल्यास फरक पडणार नाही.’ पहिल्यांदा मला राग आला. मग लक्षात आलं, की यात टोमणा नाही. बाई खरोखरच पाहत होत्या. शेजारच्या मलय आजींच्याही नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. त्या आजींना एकदा वाचून दाखवल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की डबाभर केक घेऊन आल्या.

बाई बाजारात मराठी बोलायच्या. इंग्रजी चांगलं येत होतं, मलय कामापुरती येत होती, पण बेडोकच्या फळवाल्या चिनी आजोबांशी मराठीच. “ही पपई दाबून बघू का?” आजोबा त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत. “नको म्हणताय, बरं.” वीस वर्षं हा व्यवहार बिनघोर चालला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, “आवाज चढतो का, उतरतो का, मान कुठे जाते, एवढं बघितलं की पुरतं. पक्ष्यांचं मला काय भाषांतर करून मिळतं?”

पण हे सगळं मुख्य गोष्टीच्या कडेचं. मुख्य गोष्ट म्हणजे निळा पक्षी.

त्याचं इंग्रजी नाव फेअरी ब्लूबर्ड. बाईंना ते पटत नसे. “परीबिरी काही नाही. निळा पक्षी म्हण.” मैनेपेक्षा थोडा मोठा. नराची पाठ, डोकं आणि शेपटीच्या मुळाकडचा भाग असा निळा, की उन्हात आला तर क्षणभर नजर दुसरीकडे जात नाही. बाकी सगळा काळा कुळकुळीत, आणि डोळा लालभडक. मादी मात्र सगळी एकाच मळक्या हिरवट निळ्या रंगाची, सावलीत सहज हरवून जाणारी. राहतात घनदाट जंगलात, उंच. वडा-उंबराच्या जातीची झाडं फळांनी लगडली की खाली येतात, हरियाल आणि बुलबुलांच्या गर्दीत घुसतात, फळ उचलून गिळतात आणि लगेच दुसऱ्या फांदीवर जातात. दोन तुकड्यांची ओली शीळ घालतात. हे सारं मला बाईंमुळे माहीत.

बाईंनी तो पहिल्यांदा पाहिला आंबोलीला, कॉलेजची सहल घेऊन गेल्या होत्या तेव्हा. इथे आल्यावर पहिलं वर्ष त्यांचं फार वाईट गेलं. कोणी ओळखीचं नाही, नवरा दिवसभर गोदीत. एक दिवस ते दोघं जलाशयाच्या कडेच्या जंगलात फिरायला गेले आणि एका उंबरावर तोच पक्षी बसलेला. “मी यांना म्हटलं, हा इथं कसा? तर हे म्हणाले, त्यालाही तेच वाटत असेल तुझ्याबद्दल.” हे सांगताना बाई हसत नसत. ती त्यांच्या लेखी एक नोंद होती, वर्ष आणि जागेसह.

तेव्हापासून दर रविवारी त्या तिथे जायच्या. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, खांद्याला काळी छत्री, गळ्यात दुर्बीण आणि पिशवीत शंभरपानी वही. पहिली एमआरटी, मग बस, मग चालत. कॅमेरा नाही. इतर कुठला पक्षी समोर नाचला तरी त्याला वहीत जागा नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले असताना पंधरा-वीस लोक एका गरुडाखाली माना वर करून उभे होते. बाई त्यांच्यामधून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत वाट काढून गेल्या. वर पाहिलंही नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, घरटं. इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. हा पक्षी खातो उघड्यावर, पण घरटं करतो खालच्या झाडोऱ्यात, गच्च सावलीत, काटक्यांचं आणि शेवाळाचं, पाहणाऱ्याला कचरा वाटावा असं. मादी ते एकटीच बांधते. एकटीच अंडी उबवते. तोवर नर काय करतो, आणि पिल्लं झाल्यावर तो भरवायला येतो का, हे बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पुस्तकात लिहिलं आहे, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, “पुस्तकवाल्याने बघितलं. मी कुठे बघितलंय?”

मी राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, एका रविवारी बाई दुपारी दोनला घरी आल्या. एरवी अकराला येत. पायताणं काढली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या रविवारी तू चल.”

विचारणं नव्हतं ते. मी गेले. लाकडी पायवाटेच्या एका वळणावर बाई थांबल्या. फोन बंद करायला लावला. आमच्यापासून वीसेक पावलांवर एका बारीक झाडाच्या बेचक्यात, दोन पुरुष उंचीवर, ते घरटं होतं. मला पाच मिनिटं दिसलंच नाही. दिसलं तेव्हा त्याच्या काठावर दोन उघड्या चोची होत्या.

“आता सांगत राहा,” बाई म्हणाल्या. “कोण आलं, कधी आलं, काय आणलं.”

त्यांनी दुर्बीण मला दिली आणि स्वतः वही उघडली. मी बोलायचे, त्या लिहायच्या. मादी आली, फळ घेऊन. मादी आली, अळीसारखं काहीतरी. दर वेळी बाई विचारत, “मादीच ना? कशावरून?” मी म्हणे, “मळकी आहे, काळं कुठे दिसत नाही.” पुढच्या वेळी पुन्हा तेच. “आत्ता कोण आलं?” मला वाटलं, परीक्षा चालली आहे. जुन्या मास्तरणीची सवय. साडेनऊच्या सुमारास नर आला, चोचीत लाल फळ. मी सांगितल्यावर बाईंनी पेन थांबवलं. “नक्की?” “नक्की, बाई. पाठ निळी आहे.” त्यांनी लिहिलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या.

मध्ये त्या पाणी प्यायला पिशवीत वाकल्या, तेव्हा मी फोन चालू केला. दुर्बिणीच्या काचेला लावला आणि फोटो काढला. नर काठावर, मान वाकडी, दोन्ही पिल्लांच्या चोची वर. असा फोटो माझ्याकडून परत निघाला नाही. घरी आल्यावर तो मी फेसबुकवर टाकला. खाली जागा लिहिली, पायवाटेचं नाव आणि वळणसुद्धा. पुण्यातल्या मैत्रिणींना कळावं, की मी इथे फक्त एमआरटीत उभी राहत नाही. ऑफिसातल्या एकाने तो पुढे पाठवला. रात्रीपर्यंत अनोळखी लोकांच्या टाळ्या पडत होत्या आणि मी खूश होते.

बाईंना फेसबुक माहीत नव्हतं. पुढच्या रविवारची वाट न पाहता त्या शनिवारीच निघाल्या, मलाही घेतलं. वळणाच्या अलीकडेच आवाज ऐकू आले.

बारा-तेरा माणसं होती. तिकाट्यांवर हाताएवढ्या जाड भिंगांचे कॅमेरे, घड्या घालायच्या खुर्च्या, एकाच्या हातात कॉफीची पिशवी. आणि पायवाट अन् घरटं यांच्यामधला झाडोरा गायब. कोणीतरी फांद्या छाटून कठड्यापाशी टाकल्या होत्या. त्या मोकळ्या जागेतून उन्हाची तिरीप सरळ घरट्यावर पडत होती. मला ते घरटं या वेळी लगेच दिसलं.

मी मागेच राहिले. बाई पुढे गेल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं, छत्री उगारतील असंही वाटलं. त्या सगळ्यात पुढच्या कॅमेऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यामागे साठीचे एक चिनी गृहस्थ होते, डोक्यावर मासेमारीची टोपी.

“तुम्ही कधीपासून आहात?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

“सात वाजल्यापासून, आंटी.”

“पक्षी किती वेळा आला?”

ते इथल्या पद्धतीने शेवटी ‘ला’ जोडत म्हणाले, “अजून नाही आला. येईल ला. थोडं थांबायचं.”

“आता नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत,” बाई म्हणाल्या. पिशवीतून वही काढली, मागच्या रविवारचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“आंटी, मला हे वाचता येत नाही.”

“मी वाचते.”

आणि बाईंनी वाचलं. वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात, एकेक ओळ इंग्रजीत करून. सात वाजून चार, मादी, फळ. सात एकवीस, मादी, अळी. सात एकोणचाळीस, मादी, फळ. पहिल्या दोन-तीन ओळींना मागे कोणीतरी हसलं. मग शांत झाले. बाई थांबल्या नाहीत. साडेनऊ, नर, लाल फळ. सगळं पान वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली. “मागच्या आठवड्यात याच दोन तासांत सात खेपा. आज एकही नाही. पिल्लं सकाळपासून उपाशी आहेत आणि उन्हात आहेत. तुम्हाला फोटो मिळणार नाही, कारण ती येणारच नाही. माझं एवढंच सांगणं आहे.”

एक तरुण माणूस म्हणाला, की फांद्या त्याने नाही छाटल्या, तो आला तेव्हा तसंच होतं. दुसराही तेच म्हणाला. बाईंनी कोणाला काही विचारलं नव्हतं. हळूहळू एकेक तिकाटं मिटू लागलं. दोघं जण तणतणत गेले. टोपीवाले गृहस्थ मात्र गेले नाहीत. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला, मासेमारीचा दोरा काढला आणि खाली पडलेल्या फांद्या उचलून, पानांसकट, उरलेल्या खोडांना बांधायला लागले. ते पूर्वी टॅक्सी चालवायचे, असं त्यांनी बांधता बांधता सांगितलं. बाई फांद्या धरत होत्या, ते गाठ मारत होते. मी कठड्याला टेकून उभी होते. अर्ध्या तासात ओबडधोबड का होईना, आडोसा उभा राहिला. घरट्यावरची तिरीप गेली.

आम्ही तिघं वळणाच्या मागे जाऊन थांबलो. दुर्बीण माझ्याकडे. पाऊण तास काही नाही. मग फांदी हलली.

“कोण आलं?” बाईंनी विचारलं.

“नर.”

“नक्की?”

“हो. निळा दिसतोय.”

बाईंनी माझ्याकडून दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं. मग खाली केली. “मला काळाच दिसतोय,” त्या म्हणाल्या. “सावलीत दोघंही काळे दिसतात मला. डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, निळं सगळ्यात आधी जातं. म्हणून तुला आणलं.”

मी दुर्बीण परत घेतली. घरट्यात आता एकच चोच दिसत होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. नर भरवून गेला, नंतर मादी आली, भरवून गेली. दर वेळी एकच चोच वर येत होती.

“एकच पिल्लू आहे, बाई.”

“बरोबर बघितलंस?”

“हो.”

त्यांनी वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, ‘एक पिल्लू’.

परतीच्या बसमध्ये मी सांगितलं. फोटो, फेसबुक, जागा, वळण, सगळं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी रडत होते. त्यांनी मला गप्प केलं नाही, समजूतही घातली नाही. बेडोक आल्यावर उतरताना एवढंच म्हणाल्या, “सोमवारी ऑफिसात विचार, तो फोटो सगळीकडून काढता येतो का.” मी काढला. ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांना एकेक करून लिहिलं. काहींनी काढला, काहींनी उत्तरही दिलं नाही. फ्रिजवरचा कागद त्यानंतर महिनाभर कोराच होता. बाई जेवायला वाढत, भाजी कशी झालीय विचारत, पण मला पाहणं त्यांनी थांबवलं होतं. ते मला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

उरलेलं पिल्लू उडालं. टोपीवाले गृहस्थ रोज सकाळी जाऊन त्या वळणावर बसत आणि कॅमेरेवाला आला की त्याला दुसऱ्या पायवाटेवर पाठवत. पिल्लू उडाल्याचं त्यांनीच फोन करून कळवलं.

मग एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, “गुरुवारी सुट्टी मिळेल का तुला? डोळ्याचं करून टाकते.”

इतके दिवस त्यांनी ते का टाळलं, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. ऑपरेशनला त्या घाबरत नव्हत्या. भूल द्यायला आलेल्या नर्सला त्यांनी यंत्रावरचे सगळे आकडे काय आहेत ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्या, दारातच थांबल्या आणि दांडीवर वाळत घातलेल्या साडीकडे बोट दाखवलं. “ही निळी आहे?”

“हो.”

“दोन वर्षं हिरवी म्हणून नेसतेय मी.” त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी. मग न्हाणीघरातली बादली पाहून आल्या, माझी ऑफिसची पिशवी पाहिली, गॅसची ज्योत पाहिली. चहा उकळून उतू जाईपर्यंत त्या ज्योतीकडे पाहत उभ्या होत्या.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. मागच्या तीन वर्षांच्या. लाल पेन घेऊन टेबलाशी बसल्या. मी शेजारी बसले होते, मला त्यांनी हाकललं नाही. ज्या ज्या पानावर सावलीत पाहून ‘नर’ किंवा ‘मादी’ लिहिलं होतं, त्या प्रत्येक पानाच्या वर त्या एक ओळ लिहीत गेल्या, ‘या काळात निरीक्षकास निळा रंग नीट दिसत नव्हता. नर-मादी ग्राह्य धरू नये.’ ‘वगैरे’ नाही, ‘वरीलप्रमाणे’ नाही. पूर्ण ओळ, प्रत्येक पानावर. दुपार झाली, जेवायचं राहिलं. मी म्हटलं, “बाई, काही तर बरोबरही असतील.”

“असतील. पण कुठल्या?”

तेव्हा मला कळलं, त्या कशाला घाबरत होत्या. डोळे बरे झाले, की हे करावं लागणार होतं.

पुढच्या वर्षी विद्यापीठातल्या एका संशोधकाला बाईंच्या वह्यांविषयी टोपीवाल्यांकडून कळलं. त्याला त्या हव्या होत्या, पण मराठी येत नव्हतं. बाईंनी भाषांतराचं काम मला दिलं. विचारलं नाही. मी शनिवार-रविवार टाइप करायचे आणि छापून बाईंना द्यायचे. त्या एका बाजूला वही, एका बाजूला माझा कागद ठेवून, ओळीखाली फूटपट्टी धरून तपासायच्या. माझा एकही काना-मात्रा त्यांनी सोडला नाही, इंग्रजीत काना-मात्रा नसूनही.

करता करता तो मार्च आला. त्या शनिवारच्या पानाखाली बाईंनी लिहिलं होतं, ‘निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे घरट्याची जागा बाहेर कळली. फांद्या तोडल्या गेल्या. एक पिल्लू गेले.’ मी ती ओळ बरेचदा वाचली. मग इंग्रजीत लिहिलं, निरीक्षकाच्या भाडेकरूने परवानगीशिवाय फोटो काढून जागेसह प्रसिद्ध केला. त्यामुळे फांद्या तोडल्या गेल्या. एक पिल्लू गेलं.

बाईंची फूटपट्टी त्या ओळीशी थांबली.

“हे वहीत असं नाही.”

“नाही.”

“मग तू का बदललंस?”

“वहीत चूक आहे म्हणून.”

बाईंनी वही जवळ ओढली. मग त्यांनी स्वतःची ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि वर माझं वाक्य मराठीत लिहिलं. तारीख घातली. वही माझ्याकडे सरकवली आणि पेन दिलं.

“दुरुस्ती ज्याने सांगितली त्याची सही लागते.”

मी सही केली. बाईंनी शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली, आणि मग म्हणाल्या, “हं. पुढचं पान.”